वाळवंटात गोल्फ कोर्सला लागून घर घ्यावं का? (ॲरिझोना)

निवडुंग | 9 ऑगस्ट

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं फुकट वाचत आलो, आज अडलं म्हणून धागा काढतोय.

आम्ही सात वर्षं चँडलरला भाड्याने राहतोय. दोघंही चिप बनवण्याच्या धंद्यात, मुलगी पाच वर्षांची. घर घ्यायचं म्हणून शोधाशोध चालू आहे. गेल्या शनिवारी एजंटबाईंनी नॉर्थ स्कॉट्सडेलमधल्या एका गेटबंद वसाहतीत नेलं. बाहेर 44 अंश. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडी, दगड, सग्वारो निवडुंग, उन्हाने सगळं पांढरं पडलेलं. घराचं मागचं दार उघडलं आणि समोर हिरवंगार! अंगण संपतं तिथे कमरेएवढं लोखंडी कुंपण, पलीकडे थेट अकराव्या होलचा फेअरवे (चेंडू मारत नेतात तो गवताचा लांब पट्टा), लांबवर तळं, तळ्यात बदकं. मी तिथेच विरघळलो.

बायको मात्र गप्प. ती माण तालुक्यातली. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "हे पाणी कुणाच्या वाट्याचं?" तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

मी गोल्फ खेळत नाही, पुढे खेळेन असंही वाटत नाही. कोर्स खाजगी आहे, सभासदांखेरीज कुणाला प्रवेश नाही. घर घेतलं की सभासद व्हावंच लागतं का? चेंडूंचा खरंच त्रास होतो का? आणि पाण्याचं काय? तिथे राहणाऱ्या कुणी सांगितलं तर बरं. आतल्या गल्लीतल्या तशाच घरापेक्षा याची किंमत बरीच चढी आहे, आणि ती सगळी मागच्या हिरव्या रंगाची.

सदाशिव_चष्मा | 9 ऑगस्ट

गोल्फ येत नाही आणि गोल्फ कोर्सवर घर. पक्क्या शाकाहारी माणसाने भाऊच्या धक्क्यावर खोली घ्यावी तसं झालं. पण घ्या, आम्हाला वाचायला मिळेल.

गोदाकाठ | 10 ऑगस्ट

नाशिकला या. आमच्याकडे गोल्फ क्लब मैदान आहे. सकाळचं चालणं, क्रिकेट, सभा, मोर्चे, सगळं होतं तिथे. गोल्फ तेवढा होत नाही.

रानजाई | 10 ऑगस्ट

निवडुंग, मी याच भागात नऊ वर्षं फेअरवेला लागून राहते. तुमची वसाहत कुठली ते साधारण ओळखलंय, पण नाव नको. दोन वर्षं आमच्या एचओएच्या समितीवर होते, तेव्हा जरा लांबण लावणार आहे.

आधी एक गोंधळ काढून टाका. वसाहत वेगळी आणि क्लब वेगळा. एचओए म्हणजे आपली सोसायटी. ती रस्ते, गेट, सामाईक भिंती सांभाळते आणि तिची वर्गणी कुणालाच चुकत नाही. गोल्फ कोर्स क्लबचा. तो क्लब कधी सभासदांच्या मालकीचा, कधी बिल्डरकडे राहिलेला, कधी एखाद्या कंपनीचा. काही वसाहतींत घर घेतलं की सभासदत्व गळ्यात पडतं, काहींत ते ऐच्छिक. ऐच्छिक असलं आणि तुम्ही घेतलं नाही, तर मागचं हिरवं डोळे भरून बघायचं, पाय टेकवायचा नाही. पोरीचा फुटबॉल कुंपणापलीकडे गेला आणि तुम्ही आणायला गेलात, तर कागदावर ती घुसखोरी. पाळतं किती कोण, ते वेगळं.

सभासद व्हायचं तर या भागात प्रवेश फी सहा आकडी. वर महिन्याची वर्गणी. वर क्लबच्या रेस्टॉरंटमध्ये अमुक डॉलरचं खाल्लंच पाहिजे असा किमान आकडा. न खाता घरी पिठलं केलंत तरी बिल येतंच. आणि कधीतरी क्लबहाऊसचं छप्पर किंवा जमिनीखालचे पाईप बदलायचे निघाले की 'असेसमेंट'. सोसायटीत लिफ्टसाठी काढतात तीच वर्गणी, शून्यं जास्त.

आता चेंडू. बहुतेक लोक उजव्या हाताने खेळतात, आणि हौशी खेळणाऱ्याचा चेंडू हमखास उजवीकडे वळत जातो. म्हणून टीवरून, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेवरून, बघताना फेअरवेच्या उजव्या हाताला, दीडशे ते अडीचशे यार्डांच्या पट्ट्यात घर असेल तर काचा धोक्यात. हे अंगणात उभं राहून कळत नाही, टीवर जाऊन उभं राहावं लागतं. बाहेरच्या भिंतीच्या गिलाव्यावर गोल खळगे आहेत का तेही बघा. विकणारे ते बुजवून रंग देतात, पण संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात. आमच्याकडे नऊ वर्षांत दोन खिडक्या आणि शेगडीचं एक झाकण. भरपाई मागायला गेलं की सीसी अँड आर काढतात. म्हणजे खरेदीखताबरोबर येणारं नियमांचं बाड. चेंडू येणार हे ठाऊक असूनच तुम्ही इथे राहायला आलात, असं कलम त्यात बहुधा असतंच.

पहाटे पाचला गवत कापायची यंत्रं सुरू. उन्हाळ्यात त्याहून लवकर, कारण नंतर माणसाला उभं राहवत नाही.

आणि ऑगस्टमध्ये पाहून सही करू नका. ऑक्टोबरात एकदा जा.

निवडुंग | 10 ऑगस्ट

रानजाई, इतकं तर एजंटबाईंनी तीन भेटींत सांगितलं नव्हतं. पण ऑक्टोबरात काय?

रानजाई | 10 ऑगस्ट

ओव्हरसीडिंग. आता तुम्ही पाहिलंत ते बर्म्युडा गवत. ते उन्हावर पोसतं. थंडी पडली की झोपतं आणि पेंढ्याच्या रंगाचं होतं. पण इथला हंगामच थंडीचा! बर्फातून पळून येणारे मिनेसोटाचे, कॅनडाचे लोक नोव्हेंबर ते एप्रिल इथे असतात, त्यांना पेंढा दाखवून कसं चालेल? म्हणून ऑक्टोबरात दोनतीन आठवडे कोर्स बंद. बर्म्युडा पार जमिनीलगत खरवडतात, त्यात राय गवताचं बी पेरतात आणि उगवेपर्यंत दिवसातून कितीदा तरी पाणी शिंपतात. तेवढे दिवस तुमच्या मागच्या दारात हिरवं नसतं, धूळ असते. उन्हाळा लागला की राय मरतं आणि खालून बर्म्युडा परत वर येतं. म्हणजे एकाच जमिनीत दोन पिकं. पाणी वाचवायला काही क्लबांनी पेरणं कमी केलंय. ते झोपलेल्या गवतावर हिरवा रंग फवारतात.

सदाशिव_चष्मा | 10 ऑगस्ट

रंग फवारतात?! आणि आम्ही मंडईत वाटाण्याच्या नावाने भांडतो.

आज्जी_सांगलीची | 11 ऑगस्ट

सुनेने फोनवर मराठी लिहायला शिकवलंय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बर्म्युडा बर्म्युडा काय लावलंय, ती आपली हरळी आहे. दूर्वा! गेल्या वर्षी सहा महिने लेकाकडं होते, फीनिक्सलाच. त्याचंही घर असंच, मागं गोल्फ. पहिल्याच दिवशी कुंपणातून हात घालून बघितलं तर हरळी. मला हसूच आलं. शेतात हरळी माजली की आमचे मामंजी कपाळाला हात लावायचे. नांगरा, काशा वेचा, जाळा, पुढच्या पावसाला परत आहेच. तिच्यापायी लोकांनी रानं पडीक टाकली. आणि हितं तीच वाढावी म्हणून माणसं पगारी ठेवलीत.

गणपतीत इंडियन दुकानात दूर्वांची जुडी बघितली, सुकलेली, आणि किंमत विचारू नका. म्हटलं दारात एवढं रान असताना विकत कशाला? संध्याकाळी दार उघडून गेले. यंत्र पोचत नाही अशा कडेला जरा वाढलेली होती, तिथं बसून एकवीस खुडल्या. तेवढ्यात ती बिनआवाजाची छोटी गाडी आली. आत म्हातारा, माझ्याच वयाचा. काय हरवलं का विचारलं असावं. माझं इंग्रजी बेताचं. दूर्वा दाखवून म्हटलं, "फॉर गॉड." तो बघतच राहिला, मग टोपी काढली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी लेकाला क्लबची ईमेल. लेक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

चेंडूंचं म्हणाल तर मी 61 गोळा केलेत. गुलाबी दोन, पिवळे नऊ, बाकी पांढरे.

पाटकरी | 11 ऑगस्ट

आजी, किस्सा उत्तम, पण त्या दूर्वा यंदा वाहू नका. कारण खाली येतंच.

मी पाटबंधारे खात्यात 34 वर्षं काढली. मुलगी फीनिक्सला असते. दोन वर्षांपूर्वी चार महिने तिच्याकडे होतो आणि जन्माची खोड म्हणून कालवे बघत हिंडलो. होहोकाम लोकांनी युरोपीय माणूस यायच्या शेकडो वर्षं आधी इथे हातांनी कालवे खणले होते. आजच्या फीनिक्सचे काही कालवे त्याच जुन्या रेषांवरून गेले आहेत. उतार ज्याला कळला त्याला कळला.

सूनबाईंच्या, म्हणजे निवडुंगच्या बायकोच्या, प्रश्नाकडे येतो. फीनिक्सचा पाऊस वर्षाला 200 मिलिमीटरच्याही आत. माणमध्ये तो 500 च्या आसपास. म्हणजे सूनबाई दुष्काळी भागातून आणखी दुष्काळी भागात आल्या आणि तिथे त्यांना बदकं दिसली. गप्प बसणारच.

ॲरिझोनात 1980 साली भूजलाचा कायदा झाला. त्याआधी ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी, आपल्याकडे बोअरचं चालतं तसंच. कायद्यानंतर फीनिक्स परिसरात नव्या गोल्फ कोर्सला मोजून पाणी मिळू लागलं. हिशेब असा: एका होलला 5 एकर गवत, 18 होलला 90 एकर. एकरी वर्षाला 4.9 एकर-फूट (एका एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट). गुणाकार 441 एकर-फूट, म्हणजे सुमारे 54 कोटी लीटर. दिवसाला पंधरा लाख लीटर. माणशी 135 लीटर हे आपल्याकडचं शहरी प्रमाण धरलं, तर अकरा हजार वस्तीच्या गावाचं पाणी एक कोर्स पितो.

याच मर्यादेमुळे इथल्या कोर्सचं रूप बदललं. भिंतीपासून भिंतीपर्यंत गवत गेलं. हिरवी बेटं आणि मधे जसंच्या तसं वाळवंट, अशी आखणी आली. गोल्फपटू जॅक निक्लॉसने आखलेला स्कॉट्सडेलचा डेझर्ट हायलँड्स हा त्यातला गाजलेला नमुना. तिथेच 1983 मध्ये पामर, निक्लॉस, प्लेयर आणि वॉटसन यांचा पहिला स्किन्स गेम (दर होलला पैशांची पैज असलेला सामना) झाला आणि टीव्हीवर सग्वारोंमधलं गोल्फ सगळ्या देशाने पाहिलं.

पण थांबा, शिव्या घालायच्या आधी एक हिशेब घरचाही. 4.9 फूट म्हणजे दीड मीटर पाणी. आपला पाटाच्या पाण्यावरचा ऊस दोन मीटरच्या पुढे जातो. एकरी पाहिलं तर आपण सोलापुरात बसून गोल्फ कोर्सपेक्षा जास्त पाणी पाजतो. साखर तरी मिळते, असं म्हणाल. मान्य.

नॉर्थ स्कॉट्सडेलचं वैशिष्ट्य म्हणजे तिथल्या वीसेक कोर्सना शहर शुद्ध केलेलं सांडपाणी देतं, वेगळ्या नळांनी. हे पाणी वाहणारे पाईप, फवाऱ्यांची तोंडं, झडपा अमेरिकेत जांभळ्या रंगाच्या असतात, चुकून कुणी पिऊ नये म्हणून. निवडुंग, पुढच्या खेपेला फवाऱ्याचं तोंड बघा. जांभळं असेल तर ते पाणी एकदा कुणाच्या तरी न्हाणीघरातून जाऊन आलेलं आहे. आणि आजी, म्हणून म्हटलं, दूर्वा विकतच्या घ्या.

आज्जी_सांगलीची | 11 ऑगस्ट

अगं बाई.

कातळ | 12 ऑगस्ट

हिशेब कितीही फिरवा, चारदोनशे श्रीमंतांच्या खेळासाठी अकरा हजार माणसांचं पाणी. कोलोरॅडो नदी समुद्राला पोचत नाही आता. आणि तुम्ही चेंडू कुठल्या बाजूने येतो ते बघताय.

पाटकरी | 12 ऑगस्ट

कातळ, राग रास्त आहे. पण नदी आटली ती मुख्यतः शेतीने, आणि त्यातही गुराढोरांच्या चाऱ्याने. गोल्फचा वाटा त्यामानाने किरकोळ. तो डोळ्यांवर येतो कारण त्याला भोवती कुंपण आहे.

सांडपाणी फुकट जात होतं ते गवताला दिलं, हा युक्तिवादही मला पूर्ण पटत नाही. तेच पाणी आणखी शुद्ध करून जमिनीत मुरवता येतं, स्कॉट्सडेल थोडंफार मुरवतंही. आणि त्या सांडपाण्यातला मोठा वाटा मुळात कोलोरॅडोचंच पाणी. हवासू तलावापासून 336 मैलांच्या कालव्याने येतं, वाटेत पंपांनी 2,900 फूट उचलावं लागतं. मी तो कालवा डोळ्यांनी पाहिला. आमच्या खात्यातल्या माणसाला तिथे उभं राहून आधी हेवा वाटतो आणि मग विजेच्या बिलाचा विचार येतो.

निवडुंग | 13 ऑगस्ट

पाटकरी, तुमचा हिशेब बायकोने दोनदा वाचला. उसाचं वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं. मग काल रात्री तिने काय शोधून काढलं ते ऐका.

त्या घरापासून थोडं पुढे ईशान्येला रिओ वर्दे फूटहिल्स नावाची वस्ती आहे. ना नगरपालिका, ना नळ. लोक टँकरने पाणी आणायचे, टँकर भरायचे स्कॉट्सडेलच्या नळकोंडाळ्यावर. नदीत तूट आली, 2021 च्या ऑगस्टमध्ये इतिहासात पहिल्यांदा टंचाई जाहीर झाली, आणि 1 जानेवारी 2023 पासून स्कॉट्सडेलने बाहेरच्यांचे टँकर बंद केले. सुमारे 500 घरं. लोक पावसाचं पाणी बादल्यांत धरत होते, टँकर लांबून येऊ लागले, भाव चढले. त्याच वर्षी पुढे राज्याने कायदा करून तात्पुरती सोय लावली.

ती म्हणाली, "माझं लहानपण टँकरच्या मागे पळण्यात गेलं. इथेही टँकर आहेच, फक्त आपण कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला." यावर मला उत्तर सुचलं नाही.

खजूरवाला | 14 ऑगस्ट

कॅलिफोर्नियातून बोलतोय. आमचं कोचेला खोरं, पाम स्प्रिंग्ज ते इंडिओ. एवढ्याशा खोऱ्यात 120 च्या आसपास गोल्फ कोर्स. तुमच्या धाग्याचं मूळ गाव हेच म्हणायला हरकत नाही.

रँचो मिराजमधलं थंडरबर्ड 1951 साली सुरू झालं, खोऱ्यातला पहिला 18 होलचा कोर्स. आधी तिथे हौशी पाहुण्यांसाठीचं घोड्यांचं रँच होतं. युक्ती अशी की फेअरवेच्या कडेचे प्लॉट विकायचे आणि त्या पैशांतून कोर्स उभा करायचा. म्हणजे गोल्फसाठी घरं नव्हती, घरांच्या पैशांवर गोल्फ होता. हेच गणित पुढे सगळ्या वाळवंटभर चाललं. 1955 चा रायडर कप, म्हणजे अमेरिका विरुद्ध ब्रिटन गोल्फ सामना, तिथे झाला. पण ज्यू लोकांना तिथे सभासदत्व मिळत नव्हतं. त्यातून शेजारीच 1952 मध्ये टॅमरिस्क हा दुसरा क्लब उभा राहिला. मार्क्स बंधू, जॅक बेनी, जॉर्ज बर्न्स ही विनोदी नटमंडळी त्यात, आणि पहिला व्यावसायिक गोल्फपटू म्हणून बेन होगन. 'खाजगी' या शब्दाचा हा अर्थ आता कुणी बोलून दाखवत नाही.

इकडे घर बघणाऱ्यांसाठी एक सूचना, निवडुंगला लागू नाही. पाम स्प्रिंग्ज, रँचो मिराज भागात जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी वाटलेली आहे, एक चौरस मैल आग्वा कालिएन्ते जमातीचा, शेजारचा दुसऱ्यांचा. जमातीच्या चौकोनावरचं घर तुमचं, जमीन मात्र भाडेपट्ट्याची. पट्टा 99 वर्षांपर्यंतचा असू शकतो, पण त्यातली किती सरली ते विचारा. घर स्वस्त का दिसतंय याचं उत्तर तिथे असतं.

वाळूतला_पक्या | 14 ऑगस्ट

दुबईवरून हजेरी. इकडे गवत यायच्या आधीचं गोल्फ ऐकलंय का? सगळा कोर्स वाळूचा. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या, जागी तेल घालून दाबलेली वाळू, तिला 'ब्राउन' म्हणायचे. प्रत्येक खेळाडूच्या हातात हिरव्या नकली गवताचा चौकोनी तुकडा. चेंडू पडला की खाली तो तुकडा ठेवायचा, मारायचा, तुकडा उचलून पुढे. आपलं हिरवं आपल्या काखेत! जुन्या ऑफिसातल्या एका साहेबांकडे तो तुकडा मी पाहिलाय, दारातलं पायपुसणं झालं होतं त्याचं.

मग 1988 मध्ये एमिरेट्स गोल्फ क्लबचा मजलिस कोर्स आला, आखातातला पहिला गवताचा. त्यानंतर एमिरेट्स हिल्स, अरेबियन रँचेस, जुमेराह गोल्फ इस्टेट्स... व्हिला आधी की फेअरवे आधी ते कळेनासं झालं. मी इथे बारा वर्षं आहे. फेअरवेच्या व्हिलात जाऊन आलोय, कुणाचं एसीचं काम बघायला.

गोदाकाठ | 15 ऑगस्ट

पक्या, शेवटच्या वाक्याला दाद.

रानजाई | 16 ऑगस्ट

निवडुंग, पाण्याचं ज्याने त्याने ठरवावं. मी तिथे राहते, मला बोलायचा अधिकार कमी. पण पैशाचं एक सांगायचं राहिलं.

चढी किंमत तुम्ही ज्या हिरव्यासाठी देताय ते तुमच्या मालकीचं नाही, आणि ते राहीलच असं कुणी लिहून दिलेलं नसतं. फीनिक्समध्येच अहवाटुकी लेक्स नावाचा कोर्स होता, घरांच्या मधोमध. 2013 मध्ये मालकाने बंद केला. गवत वाळलं, तळी कोरडी पडली, कुंपणं लागली. पुढे त्या जागेवर घरं बांधायचा बेत आला. दोन रहिवासी कोर्टात गेले. त्या जमिनीच्या सीसी अँड आरमध्ये वापर गोल्फचाच असं बंधन होतं, म्हणून ते जिंकले आणि कोर्स पुन्हा उभा करायला कोर्टाने भाग पाडलं. पण मधली कितीतरी वर्षं त्या लोकांच्या मागच्या दारात काय होतं? वाळकी हरळी आणि वकिलाची बिलं. आणि जिंकले ते कागदात ते वाक्य होतं म्हणून.

तर तुमच्या कागदात ते वाक्य आहे का बघा. एजंटला विचारू नका, स्वतः वाचा. क्लबच्या सभांची गेल्या दोनतीन वर्षांची इतिवृत्तं मिळाली तर तीही मागा.

जाता जाता: जॅव्हलिनाचं कुणी बोललं नाही. आपल्या रानडुकरासारखा प्राणी, कळपाने येतो. 2023 च्या शरद ऋतूत सेडोनाच्या सेव्हन कॅनियन्स कोर्सवर त्यांनी किड्यांसाठी गवताचे गालिचे उलटेपालटे करून टाकले होते, व्हिडिओ जगभर फिरला.

आज्जी_सांगलीची | 16 ऑगस्ट

भुईमुगात शिरतात तशीच की ही. बरी अद्दल.

निवडुंग | 26 ऑक्टोबर

उशीर झाला, माफी असावी. बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं म्हणून सविस्तर लिहितो.

रानजाईंनी सांगितलं तसं ऑक्टोबरात गेलो. पहाटे साडेपाचला जायचं होतं, गेटवरचा माणूस सोडेना. शेवटी एजंटबाई डोळे चोळत आल्या. अकराव्या होलवर चार ट्रॅक्टर, सगळं खरवडलेलं, हवेत अशी धूळ की मुलीला शिंका सुरू. टीवर जाऊन उभा राहिलो. घर उजव्या हाताला. मी पावलं मोजली, साधारण दोनशे यार्ड. मग तिरप्या उन्हात मागची भिंत पाहिली. नऊ खळगे मोजले आणि थांबलो.

फवाऱ्यांची तोंडं जांभळी होती, पाटकरी. बायको तळ्याकडे चालत गेली. तिथे पंपाजवळ काम करणारा मेक्सिकोचा माणूस होता, सोनोराचा. हिचं स्पॅनिश ऑफिसात शिकलेलं. दोघं बराच वेळ बोलले. परत येताना ही हसत होती. म्हणाली, "ते तळं शोभेचं नाही, शेततळं आहे. खाली प्लास्टिकचं अस्तर, रात्रभर त्यातून पाणी उचलतात, दिवसा परत भरतात. बाबांच्या शेतात अगदी हेच आहे. फक्त बदकं नाहीत." उन्हाने त्यातलं वर्षाला पावणेदोन मीटर पाणी उडून जातं, हेही त्याने सांगितलं. घरी आल्यावर हिने ते मला समाधानानेच सांगितलं, जणू दोन्हीकडचं दुखणं एकच निघालं.

गंमत अशी की त्यानंतर तिचा विरोध मावळला. सांडपाणी आहे, मोजून आहे, ठीक आहे, म्हणाली. आणि मी, जो विरघळलो होतो, तो कागद वाचत बसलो. 212 पानं. शंभराव्या पानाच्या पुढे कुठेतरी एक परिच्छेद: गोल्फ कोर्स चालू राहील, आहे तसा राहील, किंवा घरातून दिसत राहील, याची कुणीही हमी देत नाही. त्याखाली खरेदीदाराच्या आद्याक्षरांसाठी वेगळी रेघ. सभांची इतिवृत्तं क्लबने दिली नाहीत. सभासद नसलेल्यांना देत नाहीत म्हणे.

मी ती रेघ तशीच सोडली.

घर गिल्बर्टला घेतलं. मागे अंगणात खडी, एक पालो वर्देचं झाड, आणि भिंतीपलीकडे एक कोरडा ओढा. रात्री कोयोटी ओरडतात. ऑफिस वीस मिनिटं.

आणि हो, बायकोने एका कुंडीत हरळी लावलीय. इथल्याच नर्सरीतून पिशवीभर बर्म्युडाचं बी आणलं, आठ दिवसांत उगवली. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर त्यांचा विश्वास बसेना. "उपटून टाकायला आमचा जन्म गेला आणि तू बी विकत आणलंस?"

सदाशिव_चष्मा | 26 ऑक्टोबर

अभिनंदन. शून्य होलचा खाजगी कोर्स. प्रवेश फी किती ठेवताय?

रानजाई | 27 ऑक्टोबर

अभिनंदन! तुमचं ते घर अजून विकलं गेलेलं नाही, पाटी परवाच पाहिली. भिंतीला नवा रंग दिलाय.

आज्जी_सांगलीची | 27 ऑक्टोबर

बरं झालं बाळा. कुंडीला पाणी कुठलं घालता तेवढं सांग. पिण्याचं असेल तर पुढच्या गणपतीला मी येणार आहे लेकाकडं, एकवीस ठेव माझ्यासाठी. येताना चेंडू घेऊन येते तुझ्या मुलीला. गुलाबी दोन्ही तिलाच.